माझ्या घरी राहणारी मोटार

चिरंजीव धनवेलूस, थोरली बहीण अंजलै हिचा आशीर्वाद. अंगाळम्मा देवी तुला, तुझ्या बायकोला आणि पोरांना सुखात ठेवो. तुझा गुडघा आता कसा आहे? आम्ही इथे बरे आहोत. माझी दाढ ठणकत होती, ती उपटून घेतली. इथवर सगळं क्षेम आहे. यापुढचं मोठ्याने वाचू नकोस, बायकोसमोर तुझी काही इज्जत असेल तर ती राहू दे.

तंबी, गेल्या पोंगलला तू कोचीहून आलास आणि माझं विजेचं बिल मागितलंस. मला वाटलं, भाऊ बहिणीचं बिल भरतोय. (जन्मात कधी भरलं नाहीस, तरी वाटलं. बहिणीचं काळीज हे असं बिनडोक असतं.) मग तू सांगितलंस की तू ज्यांची गाडी चालवतोस त्या वर्गीस मालकांनी मोठी परदेशी मोटार घेतली आहे, केरळात तिच्यावर कर फार आणि आपल्या पुदुच्चेरीत थोडा, म्हणून या बिलाच्या पत्त्यावर कागदोपत्री मालक माझ्या घरचे भाडेकरू आणि मोटारही माझ्याच घरची. मी म्हटलं राहू दे. कागदावरचा भाडेकरू कालवण मागत नाही आणि खाटही अडवत नाही. (भाडंही देत नाही, हे मला नंतर सुचलं.)

तर गेल्या आठवड्यात केरळचे दोन अधिकारी आले. त्यांना घर सापडेना, म्हणून त्यांनी सरळ देवळाच्या ओट्यावर जाऊन विचारलं, आणि तिथे कोण बसलेलं असतं ते तुला ठाऊक आहे. गावच्या पंचांनी, नाट्टार मामांनी, स्वतः त्यांना माझ्या दारात आणून सोडलं, मागून सगळा कुप्पम. अख्ख्या कोळीवाड्याला त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. मी विळीवर सुरमई कापत होते. थोरल्या अधिकाऱ्याने विचारलं, "वर्गीस कुठे आहेत?" मी म्हटलं, "कोण वर्गीस?" तो म्हणाला, "तुमचे भाडेकरू." तेव्हा मला तुझी आठवण झाली आणि ती काही चांगल्या शब्दांत झाली नाही. मी म्हटलं, "समुद्रावर गेलेत." (आपल्याकडे बाप्या घरात नसला की समुद्रावरच असतो, तोंडात आलं ते बोलले.)

"ते तर बांधकामाचे ठेकेदार आहेत ना?"

"मग? ठेकेदाराला काय समुद्र चावतो?"

"आणि मोटार कुठे आहे?"

"ती घेऊनच गेलेत."

मागे सगळा कुप्पम खिदळला. धाकट्या अधिकाऱ्याने टेप काढून आपली गल्ली मोजली. ज्या गल्लीत डोक्यावर टोपली घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं, तिथे तो मोटार कुठून शिरते ते बघत होता. मग आत डोकावला. मी म्हटलं, चुलीमागे बघ बाबा, असली तर तिथेच असेल. थोरल्याने सगळं लिहून घेतलं, पाणी प्यायला आणि जाताना सुरमई विकत घेतली. घासाघीस केली नाही, मी फुकट देत होते तर तशी घेतली नाही. माणूस सरळ आहे. तुझ्या मालकांना जड जाणार.

अधिकारी गेले, पण नाट्टार मामा गेले नाहीत. आडी महिन्यातल्या देवीच्या रथाची वर्गणी ठरवायचं चाललंय. टोपलीवाल्या घराला टोपलीचा दर, बोटवाल्या घराला बोटीचा, हे तुला सांगायला नको. मामा म्हणाले, "अंजलै, यंदा तू बोटीच्या दराने द्यायचीस."

मी म्हटलं, "मामा, ती मोटार मी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही."

"बोट समुद्रात असते तेव्हा आम्ही कुठे पाहतो? वर्गणी घेतोच ना?"

"अहो, ती केरळात आहे!"

"आपल्या बोटीही मासळीमागे केरळात जातात. सरकारच्या दप्तरी ती तुझ्या घरात, आणि देवीलाच तेवढी दिसत नाही होय?"

मी साफ नाही म्हटलं. वर्गणी देईपर्यंत मी मासळीच्या लिलावाला पाय ठेवायचा नाही, असा ठराव झाला. तेव्हापासून मी टोपलीवाल्या तमिळसेल्वीने लिलावात उचललेली मासळी तिच्याकडून चढ्या भावाने घेते. ती देताना असं तोंड करते की जणू दान करतेय. बाजारात माझी नेहमीची गिऱ्हाइकं विचारतात, अंजलै, मासळी अशी मलूल का? त्यांना काय सांगू, माझ्या भावाच्या मालकाची मोटार माझ्या चुलीमागे उभी आहे म्हणून? हे असंच चाललं तर महिन्याभरात मला टोपली पालथी घालावी लागेल. तेव्हा ती वर्गणी तुझ्या मालकांकडून घेऊन पाठव आणि मोटार माझ्या घरातून काढ. कशी काढायची ते तू बघ, घातलीस तू. सरकारचा कर चुकवला तर अधिकारी येतो, पाणी पिऊन जातो. अंगाळम्माचा कर चुकवून या किनाऱ्यावर कोणी जगलेलं मी पाहिलं नाही.

तुझी अक्का,
अंजलै

ता. क. पत्र लिहून ठेवलं, पण तिकीट आणायचं राहिलं, तेवढ्यात थोडं वेगळं झालं. तुझ्या उत्तराची वाट बघत बसले तर म्हातारी होईन, म्हणून मी कानातली गहाण टाकून वर्गणी भरली. दुसऱ्या दिवशी लिलावाला गेले तर नाट्टार मामांनी मला मागून पुढे बोलावलं. बोटीचा दर देणारीने बोटवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं, तसा नियमच आहे म्हणाले. मी सगळ्यांत पुढे आणि तमिळसेल्वी माझ्या पाठीमागे, मान उंच करकरून बघत होती. हवी ती मासळी आधी मी उचलली. तेव्हा मोटार काढू नकोस. अधिकारी फारच मागे लागले तर मालकांना म्हणावं, केरळात काय तो कर भरून टाका, पण पत्ता हलवू नका. कानातली सोडवायला पैसे मात्र ताबडतोब धाड.

आणखी एक ता. क. नाट्टार मामा आत्ता दारात येऊन बसलेत आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलतायत. विचारतायत, कोचीत तुझ्या मालकांसारखी आणखी माणसं आहेत का? देवीच्या रथाची चाकं किडली आहेत, नवी करायची आहेत, आणि आपल्या गल्लीत बरीच घरं मोटारीवाचून रिकामी आहेत. मोटार नसली तर ट्रकही चालेल म्हणतात. ट्रकाला दोन बोटींचा दर लावता येतो.