मनगटाला आराम देणारा माऊस

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधाची नोंद असलेली बरी, नाहीतर श्रेय लाटायला लोक टपलेलेच असतात.

बायकोचं उजवं मनगट चार महिने दुखतंय. ती घरी बसून सिनेमांची सबटायटल्स लावते. दिवसाचे आठ तास, सगळं काम माऊसवर. कंपनीने कळवलंय की महिनाअखेरपर्यंत वेग वाढला नाही तर काम दुसऱ्याला जाईल. रडली. मी म्हटलं, मी आहे ना. पंधरा वर्षं प्लॅस्टिकच्या वस्तू डिझाईन करतोय. बादल्या, डबे, साबणदाण्या. आता माऊस. असले माऊस बाजारात मिळतात म्हणे, पण ते मी केलेले नाहीत.

आमच्या कंपनीच्या मालकांनी होकार दिला. महिनाअखेर नमुना दाखवायचा.

दुसरा संकल्प: चिडायचं नाही. तसा मी शांतच आहे. लोक चिडवतात.

४ फेब्रुवारी
पद्धत ठरली. मातीचा ओला गोळा एक मिनिट हातात धरायचा. बोटं जिथे रुततील तिथे बोटांच्या जागा. हाताला काय हवंय ते हातच सांगणार. मालक म्हणाले, वीस-पंचवीस जणांचे ठसे घ्या. कशाला? आपला हात जगन्नाथ.

माती आणायला गेलो तर दुकानदार फोनवर. सात मिनिटं. मग त्याचा फोन रस्त्यावर पडला. माझा हात लागला असेल, नाही म्हणत नाही. घरी येऊन बूट न काढता ठसा घेतला. अप्रतिम! बोटं अर्धा इंच आत.

७ फेब्रुवारी
नमुना एक. माझ्या हातात असा बसला की सोडवेना. बायको पाच मिनिटं वापरून म्हणाली की बोटं वळतात, करंगळी कुठे ठेवायची तेच कळत नाही. मी तिला शांतपणे समजावलं. शेजारचे काका मधली भिंत का ठोकत होते ते त्यांनाच ठाऊक.

नमुना भिंतीवर फुटला. मजबुतीची चाचणी कधीतरी करायचीच होती. नोंद: प्लॅस्टिक जाड हवं.

१० फेब्रुवारी
सकाळी एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. सिग्नल लाल असताना! त्याचा आरसा निघाला. ऑफिसात पोचल्या पोचल्या ठसा घेतला, हात गरम होता तोवर. मागच्यापेक्षाही खोल. प्रगती आहे.

१२ फेब्रुवारी
नमुना तीन. ऑफिसात सहा जणांना दिला. रिसेप्शनवाली म्हणाली, हात भरून येतो. दोघा ड्राफ्ट्समनना पेटके आले. मालकांच्या ड्रायव्हरने नुसता धरला आणि परत ठेवला. सहाच्या सहा हात सदोष निघावेत हा योगायोग नव्हे. आजकाल कुणाला काही धरताच येत नाही.

मग साचेवाला आला. साठीचा माणूस, चाळीस वर्षं साचे पाडतोय. त्याने नमुना उलटसुलट केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की ही माऊसची पकड नाही, ही मूठ आहे, ठोसा द्यायच्या आधी वळतात तशी. वर विचारतो, ठसा घेताना कुणावर चिडला होता का? नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जाऊ शकली असती.

नमुना त्याच्या दिशेने गेला. भुवईवर तीन टाके. रक्त फार आलं, भुवईला येतंच. नमुन्यावर साधा चरा नाही. जाड प्लॅस्टिकचा निर्णय बरोबर होता.

१३ फेब्रुवारी
मालकांनी मला सुट्टीवर पाठवलंय. कामाचा ताण त्यांच्या लक्षात आला असावा. सिक्युरिटीवाला थेट गेटपर्यंत सोडायला आला. दंड धरून.

१४ फेब्रुवारी
फळं घेऊन साचेवाल्याच्या घरी माफी मागायला. त्याच्या मुलीने दार उघडलंच नाही, फळं पायरीवर ठेवा म्हणाली. ठेवली. मग वाटलं, एवढा मी उन्हातून आलो. फळं पायाखाली आली.

१७ फेब्रुवारी
घरूनच काम. नमुने काढायचा थ्रीडी प्रिंटर शेजारच्या गल्लीतल्या दुकानात. बायकोचं निरीक्षण चालू आहे. दोष तिच्या बसण्यात आहे. मी खोलीत गेलो की तिचा हात आधीच आवळलेला असतो. जेवतानासुद्धा चमचा असा धरते की कुणी हिसकावणार आहे. सांगितलं, ढिला सोड. आणखी आवळला. मोठ्याने सांगितलं. तरी तेच. मुद्दाम करते की काय?

कप फुटला. दुसराही.

२० फेब्रुवारी, दुपारी
नमुना सहा. आजवरचा सर्वोत्तम. बायको म्हणाली, आज राहू दे, आठ दिवस उरलेत, जुन्यावरच भरभर उरकते. मी म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? तिचा हात नमुन्यावर ठेवला, वर माझा ठेवला आणि एकेक बोट योग्य जागी दाबलं. नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मग ओरडली.

कट् असा आवाज आला. मला वाटलं क्लिक झालं. पण नमुना सहाला अजून बटणंच बसवलेली नाहीत.

तिचं मधलं बोट वाकडं दिसत होतं. मी घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही, फार घाबरलो. आणि मग तिच्यावरच खेकसलो, की हात ढिला ठेवायला काय होतं तुला.

ती बाथरूममध्ये गेली. आतून कडी. बहिणीशी फोनवर बोलत होती ते ऐकू येत होतं. मला फक्त बोट बघायचं होतं. कडी अगदीच निकृष्ट, तिसऱ्या लाथेला निघाली. ती कोपऱ्यात, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. असं का बसली?

एवढ्यात शेजारचे काका आले. पंचाहत्तरीचे आहेत. त्यांनी मला एकच ठेवून दिली. मी बेसिनखाली बसलो. नोंद: उघडा पंजा, बोटं सुटी, मनगट सरळ. त्यांचा ठसा घ्यायला हवा.

मेहुणी अर्ध्या तासात आली. बायकोने एक पिशवी भरली. जुना माऊस घेतला, नमुना सहा नाही घेतला. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

२१ फेब्रुवारी
संकल्प: आयुष्यात पुन्हा कुणावर हात उचलणार नाही. तसा मी उचलला नव्हताच, दाबला होता.

बाथरूमला नवी कडी लावली. बाहेरून.

चूक लक्षात आली. काढली, आतून लावली.

२५ फेब्रुवारी
नमुना सात मालकांना कुरिअरने पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन. माऊस बाद. पण साचेवाल्याने आकार बघून सुचवलंय की हातोड्याच्या मुठीला तो फार छान जाईल, फटका मारताना निसटणार नाही. पुढच्या महिन्यात उत्पादन. माझं नाव? नाही. तुम्हीही आता कंपनीत नाही, असं शेवटी हळूच म्हणाले.

फोन खिडकीतून गेला. खिडकी बंद होती.

२८ फेब्रुवारी, सकाळी
काकांच्या फोनवरून मेहुणीला लावला. काका शेजारीच उभे. बायको फोनवर आली नाही. मेहुणीने एका दमात सांगितलं: बोट निखळलं होतं, बसवलं, शेजारच्या बोटाला बांधलंय. तशीच कामाला बसते. जुना साधा माऊस, स्वयंपाकघरातला ओटा. वेग दुप्पट झाला, काम राहिलं. मनगट तिसऱ्या दिवसापासून दुखत नाही. डॉक्टर म्हणाले मनगटात दोष नव्हताच, बाई दिवसभर हात आवळून बसत असणार. ती परत येणार नाही, पुन्हा फोन करू नका.

आनंद झाला. मनगट बरं झालं, तेच तर हवं होतं. मग खूप वेळ पलंगावर बसून राहिलो.

दुपारी
विचार केला. माऊस तोच, हात तोच, काम तेच. बदललं फक्त घर. म्हणजे चूक इथेच कुठेतरी आहे. ती सापडली, दुरुस्त केली, की ती परत येईल. खुर्ची तपासली. उजेड तपासला. मग टेबल मोजलं. सापडलं! दोन इंच जास्त उंच आहे. चार महिने तिने हे सोसलं आणि मला बोलली नाही.

काकांकडे करवत मागितली. दिली नाही. विकत आणली.

४.३०
दोन पाय कापले. डुगडुगतंय.

५.१०
तिसरा जरा जास्त कापला गेला. टेबल मुद्दाम माझ्या बाजूला कलतंय. मी चिडलेलो नाही.

६.००
टेबल संपलं. खुर्चीही. घरात आता तपासायचं दुसरं काही उरलेलं नाही.