माफीची झेरॉक्स

७८६
पडेगाव, छ. संभाजीनगर
दि. ६ जानेवारी २०२५

मेहरबान श्रीमती सुग्राबी, मु. कन्नड, यांस,

सलाम. वि. वि. खाली सही करणार वजीर अहमद पटेल, निवृत्त पोस्टमास्तर, यांची तब्येत गेल्या बकरी ईदपासून ठीक नसून दोन्ही किडन्यांचे काम मंदावल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. हयातीचा भरवसा कोणालाच नाही. तरी आजवर माझ्याकडून बोलण्यात, वागण्यात, कळत वा नकळत काही चूकभूल झाली असल्यास अल्लाहच्या वास्ते माफ करावे व तसे दोन ओळींत कळवावे, म्हणजे नोंद करता येईल.

(आपा, हे एवढं पेनानं लिहितोय. कागद सगळ्यांनाच पाठवला आहे. कफनाचं कापड आणलं. कब्रस्तानात अब्बाच्या बाजूची जागा मिळावी म्हणून कमिटीशी बोलून ठेवलं. तेवढं तुझं उत्तर आलं की मोकळा झालो.)

आपला नम्र,
वजीर अहमद पटेल


कन्नड
दि. १५ जानेवारी २०२५

चि. वजीर यास सुग्राआपाच्या अनेक दुआ. वि. वि.

तुझा कागद मिळाला. पत्र म्हणत नाही, कागदच. झेरॉक्स काढलीस आणि रिकाम्या जागेत माझं नाव भरलंस. पस्तीस वर्षं लोकांच्या पत्रांवर ठप्पे मारलेस, आता सख्ख्या बहिणीलाही ठप्पाच. शेजारची सत्यशीला कागद बघून म्हणाली की आमच्यात लग्नपत्रिकेवर अशी जागा सोडतात. मी हसले. ती गेल्यावर मात्र बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.

तब्येतीचं वाचून जीव कळवळला, खोटं कशाला लिहू. तू माझ्या कडेवर वाढलास, मराठी शाळेत तुला पहिल्या दिवशी ओढत मीच नेलं. मीठ सोड, पाणी डॉक्टर सांगतील तेवढंच पी आणि तुझ्या मलेकाच्या हातचं लोणचं लपून खात असशील तर तेही सोड.

मौतीची तयारी करतोस हे चांगलंच आहे. मला तर ती रोज आठवते. तीस वर्षं झाली, कन्नडमधल्या आपल्या बायकांना शेवटचं न्हाऊ मी घालते. पण एक सांगते. नमाज-रोज्यात कसूर झाली तर ती अल्लाह माफ करील, तो मालक आहे. माणसाचं दुखवलेलं मात्र त्या माणसानंच माफ करायचं असतं. हे तुला मौलानांनी सांगितलेलं दिसतंय, त्याशिवाय तू झेरॉक्सच्या दुकानात गेला नसतास. मग मागायचं तर नाव घेऊन माग. 'काही चूकभूल' म्हणजे कोणती? मला एकच माहीत आहे, अम्मा गेली त्या दिवशीची, आणि ती तुलाही माहीत आहे.

अकरा वर्षं मी तुझा फोन घेतला नाही. तीन दिवसांवर अबोला धरू नये म्हणतात, म्हणून पत्रात दुआ लिहिली. अबोला सुटला असं समज. फोन मात्र करू नकोस.

लोभ उरला असेल तितका असू द्यावा.
सुग्राआपा


पडेगाव
दि. २७ जानेवारी २०२५

ती. आपास धाकट्या वजीरचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, सगळ्यांना वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. बेचाळीस जणांना कागद पाठवला. एकेचाळीस जणांची उत्तरं आली. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात गेलो होतो त्या बन्सीनंसुद्धा लिहिलं, मास्तर, दिलसे माफ किया. परक्यांना जमतं आणि सख्ख्या बहिणीला जमत नाही, याला काय म्हणावं?

अम्माच्या वेळी थोडी घाई झाली हे मी नाकारत नाही. पण मय्यतीला उशीर करू नये असा हुकूमच आहे. तुला मी काय सांगावं, तू त्या कामातली. ऑक्टोबरची गरमी होती, दुपारी जोहरच्या नमाजाला मोहल्ला जमला होता. सगळ्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं. तुझी जीप उशिरा पोचली त्याला मी तरी काय करणार? तू दारात उभी राहून चार माणसांत मला नको ते बोललीस, तेही मी विसरलो. तूही विसर.

बाकी इकडं ठीक. राहून गेलेल्या नमाजांचा अंदाज घेऊन रोज थोड्या थोड्या फेडतोय, खुर्चीवर बसून. कापूर आणला. कफनाला किती कापड लागतं ते तुला पाठ असणार, मी आणलेलं पुरेल का ते लिही. अंगानं मी पहिल्यासारखा राहिलो नाही, पाहशील तर ओळखणार नाहीस.

रागातही लोभ असावा, ही विनंती.
तुझा वजीर


कन्नड
दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. वजीर यास अनेक दुआ. वि. वि.

घाई आपोआप होत नाही, कुणीतरी करतं. अम्मा पहाटे फजरच्या अजानीला गेली, हे मला नंतर तुमच्या गल्लीतल्या नन्नीबीनं सांगितलं. इथं रामकिसनच्या दुकानात तुझा फोन आला तेव्हा साडेदहा वाजले होते. पाच तास. पाच तासांत इथून पायी निघालेली बाई वेरूळजवळ पोचली असती. हुकूम घाईचा होता ना, मग फोनची का घाई नाही केलीस?

जीपवाल्याचे पाय धरले. दौलताबादच्या घाटात ट्रक अडकला होता, तिथं उतरून पुढची गाडी धरली. पिशवीत न्हाऊच्या पाण्यात टाकायचा बोरीचा पाला होता, स्वच्छ पंचा होता. वाटभर मनात एकच, की अम्माला हळू वळवायचं, तिचं खुब्याचं हाड मोडलेलं आहे. दारात आले तर तू म्हणालास, आपा, हो गया. तेवढंच. चटईवर बायका बसल्या होत्या आणि आतली खाट उभी करून भिंतीला लावली होती.

वजीर, मी सगळ्या गावाच्या आया न्हाऊ घातल्या. जिनं सुनेला आयुष्यभर उपाशी मारलं, तिलासुद्धा हळू हातानं घातलं. आणि जिनं मला पहिलं न्हाऊ घातलं तिला शेवटचं घालायचं माझ्या हातून राहिलं. राहिलं नाही, तू राहू दिलं नाहीस. हे माझ्या छातीत अकरा वर्षं तसंच आहे. कुणाची मय्यत झाली आणि बोलावणं आलं की पाणी ठेवताना मला तेच आठवतं.

न्हाऊ नन्नीबीनं घातलं होतं, तिला मी त्या दिवशीच विचारलं, अम्मा कशी दिसत होती. ती म्हणाली, तोंडावर नूर होता. पुढं काही बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्या कामाचा कायदाच तसा आहे. मय्यतीच्या अंगावर चांगलं दिसलं तर सांगायचं, दुसरं काही दिसलं तर आपल्याबरोबर कब्रीत न्यायचं. मी इतकं पाहिलंय की तोंड उघडलं तर इथली चार घरं तोंड दाखवू शकणार नाहीत. आजवर उघडलं नाही.

कापडाचं दुकानदाराला विचार, त्याला कळतं. माझ्याकडं जे मागायचंय ते मागण्याआधी एवढंच लिही, त्या पाच तासांत तू काय करत होतास?

लोभ ताणलेला आहे, तोडू नये.
सुग्राआपा


पडेगाव
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. फुप्पीस सबिहाचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि चौथ्या दिवशी अब्बांना दवाखान्यात ठेवावं लागलं. श्वास घ्यायला त्रास होत होता. परवा घरी आणलं, पण आता ते पलंगावरून उठत नाहीत. अम्मीचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत, त्यामुळं सगळं मीच करते. बी.एड.ची परीक्षा आहे, पुस्तक त्यांच्या उशाशीच घेऊन बसते.

फुप्पी, लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही दोन ओळी लिहून टाका ना. रमजान आठवड्यावर आलाय आणि त्यांचं जेवणावर मन नाही. तुम्हाला पत्र लिहायला घेतात आणि फाडतात. मी म्हणाले, फुप्पी जरा कडकच आहेत, तर माझ्यावर ओरडले की तुझी फुप्पी बरोबर आहे. काय झालं होतं ते कुणी सांगत नाही. मी तेव्हा सातवीत होते. दादीच्या खोलीत आम्हा पोरांना जाऊ देत नव्हते, एवढंच मला आठवतं.

आमच्यावर लोभ असू द्या, चूक आमची नसली तरी.
तुमची सबिहा


पडेगाव
दि. ९ मार्च २०२५

ती. आपास वजीरचा सलाम. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, पडून लिहितोय. रोजे ठेवता येत नाहीत. सबिहा स्वयंपाकघरात आहे तोवर लिहून टाकतो.

अम्मा पडली ती सात महिने उठली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर दोन तासांनी कूस बदला. दोन महिने बदलली. मग मी ड्युटीवर, मलेकाला उचलवत नव्हतं, आणि मी रोज उद्यावर ढकललं. पाठ आधी लाल झाली, मग फोड आले, मग जखमा. शेवटी कमरेच्या खाली माझी मूठ जाईल एवढा खड्डा होता. पुन्हा डॉक्टरला बोलावलं नाही. शरम वाटली, की तो विचारील, आईची ही हालत कुणी केली. वर पावडर टाकायचो, खोलीत अत्तर शिंपडायचो.

ती रोज म्हणायची की सुग्राला बोलवा, तिचा हात हलका हाय. मी सांगायचो, आपाला लई कामं हैत. तुला फोनवर सांगायचो, अम्मा झोपली आहे. तू दोनदा आलीस. दोन्ही वेळा गोधडी गळ्यापर्यंत ओढून मी पायथ्याशी बसून राहिलो. तिनं तुझ्यापुढं एक शब्द काढला नाही. तू गेल्यावर मला म्हणाली की सुग्राला कळलं असतं तर ती तुला जन्मभर बोलली असती. मला सांभाळून घेतलं तिनं.

ती गेली तेव्हा मला आधी अल्लाह आठवला नाही, तू आठवलीस. तू येणार, पाणी ठेवणार, अम्माला कुशीवर वळवणार आणि पाहणार. म्हणून नन्नीबीला बोलावलं, कुणाला न सांगण्याची कुराणाची कसम घातली. कफन बांधून झालं, जनाजा तयार झाला, तेव्हा फोन लावला. शरीयतीचं नाव पुढं केलं. मौलानांनी तर शाबासकी दिली, की पटेल, तुम्ही मय्यतीला उशीर केला नाही. ती शाबासकी मी घेतली, आपा.

आता सबिहा दोन-दोन तासांनी माझी कूस बदलते. तिला यातलं काही माहीत नाही.

तू म्हणालीस तसं नाव घेतलं. कब्रीत फरिश्ते विचारतील तेव्हा मी काय सांगू? आता माफ कर.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा वजीर


कन्नड
दि. १७ मार्च २०२५

चि. वजीर यास सुग्राआपाच्या दुआ. वि. वि.

पत्र शुक्रवारी मिळालं. रोजा सोडायच्या आधी वाचलं. त्या दिवशी पाण्यावरच रोजा सोडला आणि तशीच पडून राहिले.

मी दोनदा आले होते. मला वास आला होता. पडून राहिलेल्या माणसाच्या खोलीला येतोच, असं मी स्वतःला सांगितलं आणि चहा पिऊन परतले. मेलेल्या बायकांच्या पाठी पाहण्यात जन्म गेला माझा, आणि जित्या आईची गोधडी उचलून पाहिली नाही. हे मी कुणाकडं मागायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तू मला घाबरलास ते बरोबर होतं. मी तुला चपलेनं मारलं असतं. पण ते चार भिंतींत. बाहेर एक अक्षर गेलं नसतं. नन्नीबी परकी, तिनं झाकलं. मी माझ्या आईचं आणि माझ्या भावाचं झाकलं नसतं का? एका ताटात जेवून तुला एवढी बहीण कळली नाही, याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

तू नाव घेऊन मागितलंस, मी नाव घेऊन देते. अम्माला न्हाऊ घालायचा माझा हक्क तू घेतलास, तो अल्लाहच्या वास्ते माफ केला. तिचं तोंड पाहू दिलं नाहीस, ते माफ केलं. फोनवर खोटं बोललास, तेही माफ. कयामतीच्या दिवशी मी तुझा दामन धरून हिशेब मागणार नाही, ही माझी जबान.

पण ती पाठ माझी नव्हती, वजीर. सात महिने दुखली ती तिला. ते माफ करणं माझ्या हातात नाही, मौलानांच्या नाही, त्या एकेचाळीस जणांच्याही नाही. जिच्या हातात होतं तिनं तुला सात महिने दिले होते. आता तिच्यासाठी दुआ माग, शुद्ध आहे तोवर माग, आणि तिथं पोचलास की आधी तिच्यापुढं उभा राहा. ती आई आहे, करीलही माफ. तिच्या जागी मी असते तर केलं नसतं.

सबिहाला सांग, पाठीला खोबरेल लावत जा आणि चादरीला सुरकुती राहू देऊ नकोस.

लोभ आहे. तो तुटत नाही, हीच तर अडचण आहे.
तुझी आपा,
सुग्रा