उजवं वळण

मालवण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८८७

ती. दाजींच्या पायांशी विश्रामचा नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला, माफी असावी. तुमचं पत्र केव्हाच आलं, पण लिहायला बसलो की झालेलं आठवतं आणि टाक खाली ठेवतो. तुमचा गुडघा कसा आहे? ताई काढा घेते ना? (ओतून टाकत असेल. लहानपणापासून तिची तीच खोड.) आम्ही बरे आहोत, म्हणजे जेवतो, झोप मात्र येत नाही. तुमचे धाकटे बंधू भिकाजीराव आमच्याकडून रागावून गेले, हे कानी आलंच असेल. त्यांच्या विमलाचं आणि आमच्या सत्यवानाचं लग्न जमता जमता मोडायला आलं आहे. मध्यस्थ तुम्ही, म्हणून घडलं ते माझ्याकडूनही ऐका.

सत्यवान मुंबईस इंजिनेरीला आहे हे तुम्ही जाणताच. दिवाळीला येताना त्याने स्वतः केलेली एक गाडी आणली. बिस्किटांचा मोठा डबा, खाली तीन चाकं, आत बॅटरी, पुढे सायकलच्या तारांच्या दोन मिशा. तिला हाकावं लागत नाही. मिशी कशाला लागली की ती मागे सरते, एका बाजूला वळते, मग हळूहळू परत त्या अडचणीकडे झुकत तिच्या कडेकडेने पलीकडे जाते. (या वयात मला कुठे वळावं ते कळत नाही, डब्याला कळतं.) पण ती वळायची डावीकडे. बोलणी करायला पाहुणे यायचे होते, आणि घरातली वस्तू डावी चालते, हे मला बरं दिसेना. मी सत्यवानाच्या मागे लागलो, तिला उजवीकडे वळव. तो नको नको म्हणत होता. शेवटी कंटाळून त्याने तारा उलटसुलट केल्या.

भिकाजीराव आले, दारासमोर खळ्यात खुर्चीवर बसले. गाडी सोडली. तिची मिशी त्यांच्या पायाला लागली आणि ती अदबीने मागे सरली. भिकाजीराव खूश. म्हणाले, "गाडयेक सुद्धा वळण आसा हो!" मला वाटलं, जमलं. तेवढ्यात ती तुळशीला जाऊन लागली. उजवीकडे वळली, पुन्हा झुकली, पुन्हा लागली, पुन्हा वळली. असं करत तिने तुळशीभोवती अख्खी फेरी घातली, दाजी, आणि ती उलटी! तुळस डाव्या हाताला! भिकाजीराव उभेच राहिले. सत्यवानाने समजूत घालावी, तर तो म्हणतो, "ती देव वळखना नाय, काका, अडचण वळखता."

"तुळस तुका अडचण?" असं म्हणून त्यांनी छत्री उचलली. चहा तसाच राहिला.

तेव्हापासून सत्यवान माझ्याशी बोलत नाही. करीन तर विमलाशीच, नाहीतर नाही, असं आईला सांगून बसला आहे. आणि सुभद्रा मला उठता बसता ऐकवते, "आधी स्वताक वळण लावून घेवचा होता, मगे डब्याक!" थकलो, दाजी. भिकाजीरावांना कसंही करून समजवा.

आपला,
विश्राम

ता.क. तारा पूर्ववत केल्या आहेत. आता गाडी डावीकडे वळते आणि तुळशीला सुलटी प्रदक्षिणा घालते. (हे आधी कोणी मला नीट सांगितलं असतं तर!)

ता.क. खरं सांगायचं तर सकाळपासून ती फिरतेच आहे. सुभद्रा थांबवू देत नाही. तिचं म्हणणं, भिकाजीरावांनी उलटी बघितली, आता सुलटीही त्यांनीच बघायला हवी. सत्यवान तिला सांगतो, बॅटरी उतरत आली. अर्ध्या प्रदक्षिणेत थांबली तर लोक काय म्हणतील, या विचाराने दर ओळीला उठून बघून येतो आहे. म्हणून हे पत्र टपालात न टाकता तुमच्या बांद्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे, आपल्या सहदेवाकडे, देतो. परतीच्या गाडीने भावाला घेऊन याच. ते नच जमलं तर सहदेवाच्याच हाती दोन ओळी द्या. बॅटरी संपली तर मी मागून ढकलीन, पण माझी कंबर किती वेळ टिकेल सांगता येत नाही. लवकर कळवा.