शिट्टीविना डाळ

२० जाने. ९१, जुबैल
रात्री पुन्हा क्षेपणास्त्राचा भोंगा. विषारी वायूचे मास्क चढवले, खिडकीच्या फटींना टेप लावून तिघं आत बसलो. हे अगदी शांत, मिनूच्या मास्कचे पट्टे आवळत होते. फौजीच शेवटी! आणि आज स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तर टेबलाखाली. मिनू ओरडली, "आई, बाबा इज अंडर द टेबल!" हसावं की रडावं कळेना.

२२ जाने.
शिट्टी डब्यात टाकली. आता पातेल्यात डाळ. किती रटरटवली तरी दाताला लागते.
लंकेतल्या शांतिसेनेतून परतल्यापासून ह्यांचं असंच. फौज सोडली, इथे प्लांटवर सेफ्टीत लागले. वाटलं, वाळवंटात विसरतील. कसलं काय. काल ड्युटीवर कुठे वाफ सुटली नि हे जागा सोडून पळाले. साहेबाने बजावलंय, अजून एकदा असं झालं तर खलास, घरी.

२५ जाने.
क्लिनिकमधले डॉ. नागपूरचे, घरच्यासारखे. म्हणाले, "वहिनी, शिरेतून हळूहळू इंजेक्शन देतो. अर्धवट झोपेत माणूस मनातलं बोलतो." विलायतेत त्यांचे म्हातारे सर एके काळी एलएसडी हे नशेचं औषध देऊन सैनिकांना बोलतं करत म्हणे. म्हटलं, इथे तसलं बाळगलंत तर इथल्या कायद्यानं मान जाईल! हसले. "म्हणून तर साधं औषध."
घरी सांगितलं तर ह्यांनी ताट सरकवलं. "काय बरळेन कुणास ठाऊक."
"बरळा की! गप्प राहून काय मिळवलंत?" फाडकन बोलून गेले. मग वाईट वाटलं.

३० जाने.
तयार झाले. अट एकच, मी आत यायचं नाही. असा राग आला! इतकी वर्षं रात्री दचकून उठले की पाठ चोळणार मी, नि ऐकणार डॉ.! पहिलं इंजेक्शन होईतो मी बाहेर बाकावर बसले. शब्द कळला नाही, नुसतं रडणं. ह्यांचं रडणं पहिल्यांदाच ऐकलं.
हे बाहेर आले, तोंड धुतलं. "भूक लागलीय," म्हणाले.

५ फेब्रु.
दुसरं इंजेक्शन. झोप बरी लागते. डॉ.ना खोदून विचारलं तर म्हणे, "त्यांचं आहे, तेच सांगतील." बरं बाई.

११ फेब्रु.
दुपारी डाळ निवडत होते. हे शेजारी येऊन बसले.
"सुमे, लंकेत त्या घरात कुकर लावलेला होता. आम्ही झडतीला दाराशी. शिट्टी झाली, मला वाटलं... मी गोळी झाडली."
माझा हात थांबला. आत कोण होतं, विचारवेना. हे माझ्या ताटातले खडे वेचत राहिले.
मग उठले. कुकर काढला, डाळ लावली, डब्यातून शिट्टी शोधून स्वतः बसवली. "तू इथंच थांब," म्हणाले.
थांबलेय. ओट्याशी उभी राहूनच हे लिहितेय. ह्यांनी माझा पदर धरलाय. वाफ धरायला लागली, आता शिट्टी