कावेचा पट्टा

भालकी, रविवार संध्याकाळ

भाड्याच्या घराची दर्शनी भिंत आज आईने आणि मी चुन्याने पांढरी केली, खाली कावेचा लाल पट्टा ओढला. माझ्या शिकवणीला पोरी याव्यात, एवढ्यासाठीच. घरमालकीण अक्का आल्या, ओल्या पट्ट्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “लई झकास दिसायलंय की गं! आता धाकट्या लेकाचा संसार इथंच मांडते. तुम्ही दुसरं घर बघा.”

आई नुसतं “व्हय अक्का” म्हणाली. घरातली पहिली पदवीधर मी. मी का गप्प बसले?

अक्का गेल्यावर आई उंबऱ्याची राहिलेली काव लावू लागली.

“आता कामून लावायलीस?”

“उंबरा अर्धा सोडून निघू नये, बाई.”

मग मीही कुंचा घेतला. पट्ट्यावरची अक्कांच्या बोटाची रेघ आधी बुजवली.