तंबूबाहेरचा दिवा

बाई, गेल्या महिन्यात मी बोईसरला तंबूसाठी दिवा घ्यायला गेले आणि दुकानदाराशी हुज्जत घालता घालता लक्षात आलं, आपण अगदी तुमच्यासारखं बोलतोय. तोच हट्ट, तेच खोदून खोदून विचारणं. त्याने काचेवर दिवे मांडून ठेवले होते. एक सौरऊर्जेवरचा, एक मोबाइलच्या वायरने चार्ज होणारा, एक तर लाल-निळा लुकलुकणारा. 'ये वाला लीजिए मॅडम, अंदर लटकाओ तो दिन जैसा हो जाएगा.' मला दिवसासारखं नकोच होतं. दव पडलं तर चालेल का, खारा वारा लागून गंजेल का, टांगायला कडी कशी आहे, उजेड पिवळा आहे का, कारण पांढऱ्यावर पाखरं फार येतात, आणि मंद ठेवला तर सकाळपर्यंत टिकेल का, असं मी एकेक विचारत गेले. शेवटी तो वैतागून म्हणाला, 'तंबू के अंदर दव किधर से आएगा?' मी म्हटलं, 'दिवा तंबूच्या बाहेर लावायचाय.' पंखा विकत घेऊन तो गॅलरीत लावणाऱ्या बाईकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. तुम्ही असता तर त्याला दुकानातच तंबू ठोकून दाखवला असता.

शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात आणि गाइडचं पथकही तुमच्याकडेच होतं. त्या वर्षी तुम्ही मुलींना केळव्याला, समुद्राकाठच्या सुरूच्या बनात, तंबूत मुक्कामी न्यायचं ठरवलंत आणि सरावलीतल्या आमच्या चाळीत सगळ्या आयांनी एकदम नकार दिला. माझी आई त्यात पुढे. एका संध्याकाळी तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. आई तांदळाची भाकरी थापतेय, मी दाराआड उभी आहे. मला वाटतंय तुम्ही आता तिला समजावणार, मुलींनी धीट व्हायला हवं वगैरे. तुम्ही तसलं काहीच बोलला नाहीत. 'तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?' एवढंच विचारलंत. आईने भाकरी उलटली, तवा उतरवला, मग भिंतीकडे बघत म्हणाली, 'आमच्या गावाला एका लग्नात मांडवामागं कापड बांधून आमी बाया लुगडी बदलत होतो. आत बत्ती होती. बाहेर वऱ्हाडातली पोरं हसत होती, ती कशाला हसतात ते आमाला कोणी सांगितलं पण नाय. नंतर कळलं. तवापासून कापडाच्या भिंतीचं मला नाव नका काढू.' आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. पुढेही पुन्हा कधी बोलली नाही.

तुम्ही तिची भीती हसण्यावारी नेली नाहीत, यासाठी मी तुमची आजही ऋणी आहे. दुसऱ्याच दिवशी तुम्ही मंडपवाल्याकडून आणलेल्या पांढऱ्या कापडाचा एक तंबू शाळेच्या मैदानात उभा केलात आणि दिवेलागणीला सगळ्या आयांना बोलावलंत. आधी गॅसबत्ती आत ठेवून स्वतः आत गेलात आणि केस सोडून पुन्हा बांधलेत. बाहेर आम्हाला तुमचा अंबाडा, पदर, बोटं, सगळं कापडावर दिसत होतं. आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग तुम्ही बत्ती बाहेर आणून एका बांबूला टांगलीत आणि म्हणालात, 'आता तुम्ही आत या.' कापडातून पुरेसा उजेड आत येत होता, पण बाहेरच्याला आतलं काही दिसत नव्हतं. उलट शिपाई बत्तीसमोरून तंबूकडे आला तेव्हा त्याची सावली टोपीसकट आमच्या समोर कापडावर आली. आई ती सावली बघत राहिली. घरी जाताना मला म्हणाली, 'जा तू. पण बाईंच्या तंबूत झोप.'

केळव्याला मी फुशारकी मारायला बाबांची विजेरी नेली होती. कपडे बदलताना ती आत पेटवली तर बाहेरून तुमचा आवाज आला, 'विझव ती. तुझ्या एकटीच्या उजेडापायी सगळ्या दिसतायत.' मी रागावले होते. एवढं काय झालं, असं वाटलं होतं. पण मग दिवा बाहेर, आम्ही आत, आणि कापडावर अधूनमधून तुमची सावली. ती दिसली की बरं वाटायचं. घराबाहेर इतकी गाढ मी त्याआधी कधी झोपले नव्हते.

आता मी तारापूरच्या एका कंपनीत पॅकिंग खात्याची सुपरवायझर आहे. हाताखाली सगळ्या बायकाच. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणाला काय हवंय अशा गप्पा चालल्या होत्या. सोन्याच्या पाटल्या झाल्या, वैष्णोदेवी झाली. उमरोळीहून येणारी एक अबोल पोरगी आहे, ती डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, 'मला एक रात्र झोपायचंय. कोणी हाक न मारता.' लग्न झाल्यापासून एकदाही तशी झोपली नाही म्हणे. ते ऐकून मी बोलून बसले, 'चला, मी नेते तुम्हाला तंबूत.' चिंचणीला एकीच्या मावसभावाची नारळीची वाडी आहे, जागाही ठरली. बाकीच्यांच्या घरून कुरकुर करत का होईना होकार आले. उमरोळीच्या पोरीची सासू मात्र ऐकेना. आणि ती पोरगीच नसेल तर मला त्या तंबूंचं काही अप्रूप नव्हतं.

दिवा मी आधी आमच्या गच्चीवर तपासून घेतला. यांना तंबूत बसवलं आणि बाहेरून ओरडले, 'अहो, पोट दिसतंय तुमचं.' मग दिवा बाहेर टांगला आणि पोट नाहीसं झालं. दुसऱ्या संध्याकाळी तंबू-दिव्याचं बोचकं घेऊन मी उमरोळीला गेले. सासू अंगणात बसली होती. 'कापडात बाया निजवणार तू?' म्हणाली. 'दिवा लावला की गावाला तमाशा.' मी तिला आईची मांडवातली गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता म्हातारीचा चेहरा असा झाला की तिचाही असा एखादा मांडव असावा, पण मी विचारलं नाही. मग तुम्ही दाखवलं होतंत तसंच सगळं दाखवलं. आधी दिवा आत आणि सून आत वेणी घालतेय, मग दिवा बाहेर पेरूच्या फांदीला. सासू स्वतः रांगत आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी दिव्यासमोरून दोन चकरा मारल्या. बाहेर येऊन म्हणाली, 'कोण येतंय ते दिसतं. आत कोण हाय ते दिसत नाय. बरं हाय.' आणि पदर झटकून पुढे म्हणाली, 'मी पण येते तुमच्यासंगती.' सुनेचं तोंड एवढंसं झालं. माझंही झालं. जिच्या हाकेपासून सुटायचं तीच बरोबर यायला निघाली होती.

गेल्या शनिवारी आम्ही चिंचणीला गेलो. पोरी वाळूत खेळल्या, वांगी भाजली, गाणी म्हटली, आणि दमून तंबूत शिरल्या. मी नारळाला दिवा टांगून त्याच्याखाली खुर्ची टाकली. आणि बाई, तेव्हा कुठे मला कळलं. दिवा बाहेर टांगला की काम झालं, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण दिव्याखाली कोणी बसलेलं नसेल, तर त्या उजेडाचा उपयोग येणाऱ्यालाच जास्त. डास चावतात, पाखरं तोंडावर येतात, उजेडातून समुद्राकडचं काहीच दिसत नाही, तरी तिथंच बसावं लागतं. कापडावर सारखी तुमची सावली पडायची, कारण तुम्ही आत झोपलाच नव्हतात. सकाळी तुमचे डोळे लाल झालेले, तर आम्ही म्हटलं चुलीचा धूर लागला असेल. मी तिथं बसून रडले. तुम्ही आमच्यासाठी केवढं केलंत आणि आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीत.

थोड्या वेळाने म्हातारी बाहेर आली आणि माझ्या शेजारी चटई टाकून बसली. 'मला तशीपण झोप नाय येत,' म्हणाली. आम्ही दोघी इकडचं तिकडचं बोलत होतो. मग तिला तहान लागली. पाण्याचा हंडा सुनेच्या उशाशी होता. तिने तंबूकडे मान वळवली, तोंड उघडलं, आणि मला वाटलं, झालं, मारली हाक. पण तिने तोंड मिटलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, वाडीच्या पार टोकाच्या नळापर्यंत अंधारात चाचपडत गेली आणि पदराने तोंड पुसत परत आली. 'उठवायची नाय तिला,' मला म्हणाली. ती पोरगी उन्हं वर येईपर्यंत झोपली. उठून बाहेर आली ती भांबावून सगळ्यांकडे बघत होती, आपण काहीतरी विसरलोय अशी. सासूने तिच्या हातात चहा दिला.

हे पत्र मी कोणाकडे पाठवणार? तुम्ही गेलात, आणि तुमचं घरसुद्धा आता तिथं राहिलेलं नाही. लिहून झालं की कपाटात साड्यांखाली ठेवीन. पण एक सांगून टाकते. तुमच्यासारखी पहाटेपर्यंत जागेन असं मी सगळ्यांना छातीठोक सांगितलं होतं, आणि म्हातारी पाणी पिऊन आल्यावर मी खुर्चीतच झोपले. त्या पोरीची झोप मोडलीच असती तर माझ्या घोरण्याने मोडली असती, असं तिची सासू आता सगळ्या उमरोळीला सांगत सुटलीय.