चिंचोक्यांचा कॅसिनो

काठमांडू,
१२ फेब्रुवारी १९८९

ती. ताईस,
माधवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोरखपूरला जाऊन मग माझ्या मागे इथे आलं. पाकिटावर चार शिक्के आहेत. लग्न ठरलं, सात मे, हे वाचून मी एवढ्याने ओरडलो की हातातली बशी फुटली. आमचा मुख्य आचारी एका डोळ्याने आंधळा आहे पण बशी फुटलेली त्याला भिंतीपलीकडून दिसते. त्याची गोष्ट मोठी आहे, ती राहू दे.

तू लिहितेस की नागपूरची चाळीस माणसं आदल्या दिवशीच उतरणार, आणि सीमांतपूजन झाल्यावर पान मांडेपर्यंत त्यांचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही. जिजाजींचे काका मागच्या एका लग्नात कंटाळून न जेवता उठून गेले, आणि मुलीकडच्यांना ते अजून ऐकावं लागतं. भाऊ म्हणतात भजन ठेवू, मुलीच्या बापाला दुसरं काय सुचणार. ताई, भजन ठेवलंत तर काका सीमांतपूजनाच्या आधीच जातील.

मी भांडी विसळतो त्या हॉटेलात कॅसिनो आहे. ट्रे नेताना बघतो. चक्र फिरायला लागलं की टाय लावलेली मोठी माणसं पोरांसारखी श्वास धरून उभी राहतात. आपण तेच करायचं, पैशांशिवाय. सायकलचं चाक उभं टांगा, त्यावर शून्य ते बारा आकडे चिकटवा, पोस्टकार्डाचा तुकडा अडकवा म्हणजे टकटक करत थांबेल. प्रत्येक पाहुण्याला दहा चिंचोके. ते आकड्यावर ठेवायचे, आकडा लागला तर एकाचे बारा मिळतात. शून्य आलं की सगळे घराचे. ज्याच्याकडे शेवटी जास्त त्याला बक्षीस.

चाक मी येऊन फिरवीन. जिजाजींचा कान पिळायलाही मीच, तो सख्ख्या भावाचा हक्क आहे. भाऊंना मात्र इतक्यात बोलू नकोस. दहावी झाल्याशिवाय परत या घराचा उंबरा चढू नकोस असं ते म्हणाले त्याला तीन वर्षं झाली, आणि मी अजून परीक्षेला बसलोसुद्धा नाही.

तुझ्या लोभावरच चाललेला,
माधव


भिवंडी,
५ मार्च १९८९

चि. माधव यास,
सुचेताचे अनेक आशीर्वाद.

भाऊंना बोलू नकोस म्हणतोस आणि पत्र घराच्या पत्त्यावर टाकतोस. पोस्टमन आला तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी परत आले तर तुझं पत्र टेबलावर, तांबड्या शाईने तपासलेलं. एकोणीस चुका. खाली सही आणि तारीख. आक्काआत्या म्हणाली, मास्तर रिटायर झाला पण तांबडी शाई काही झाली नाही.

त्या रात्री भाऊ फक्त तुझ्या शुद्धलेखनावर बोलले. पण दुसऱ्या दिवशी सायकलचं चाक माळ्यावरून खाली आलं. आता रोज संध्याकाळी ते अंगणात आकडे चिकटवत बसतात. कॅसिनो हा शब्द घरात उच्चारायचा नाही. कार्यक्रमाचं नाव ‘अंकचक्र, एक बौद्धिक करमणूक’. पत्रिकेत छापायचं म्हणत होते. मी आणि आत्याने मिळून हाणून पाडलं. आत्याने गल्लीतल्या प्रत्येक घरातून चिंचोके मागवलेत. गेले आठ दिवस भिवंडीत कोणी चिंच खाऊन बी थुंकलेली नाही.

आता माझं ऐक. भाऊंनी कान पिळायला हरीला सांगून ठेवलंय. त्याचा भरवसा धरू नकोस, असं ते मला म्हणाले. हरी चुलतभाऊ आहे, चांगला आहे, पण त्याचा हात मला नको. माझ्या लग्नात मला दुसरं काही मागायचं नाही. तू वेळेवर ये. वाटेत उतरू नकोस.

तुझी काळजी करून कंटाळलेली,
ताई


इटारसी,
२९ मार्च १९८९

ती. ताईस,
माधवचा शि. सा. न. वि. वि.

मी वाटेत उतरलो. ओरडू नकोस. चहाला उतरलो होतो फक्त. चहावाल्याकडे एक पोपट होता, तो गाड्यांची नावं सांगत होता. मी त्याला मुंबईच्या गाड्या शिकवत होतो एवढ्यात माझीच सुटली. ट्रंक गाडीत गेली. वह्या गेल्या, स्वेटर गेला, जिजाजींसाठी घेतलेली टोपी गेली.

पण नशीब बघ, इथल्या ढाब्यावर लडकू भेटला. आपल्या भिवंडीजवळच्या दिघाशीचा. ट्रक चालवतो, भिवंडीहून कापड आणतो आणि इकडून सरकी नेतो. मी आता त्याचा क्लीनर. ट्रकला क्लीनर लागतोच आणि मला तिकीट लागत नाही. एप्रिलमध्ये कधीतरी त्याची भिवंडीची फेरी आहे, तीत मी येतो. उत्तर ढाब्याच्या पत्त्यावर टाक.

चाकाचं मात्र नीट बघा. भाऊंना म्हणावं, फिरवल्यावर हात लावायचा नाही, आणि थांबायच्या आत चिंचोके ठेवणं बंद. हे दोन नियम मोडले की खेळ संपला. एकोणीस चुका या पत्रात नसतील, मी मोजून लिहितोय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये,
माधव


भिवंडी,
१६ एप्रिल १९८९

चि. माधव यास,
सुचेताचे अनेक आशीर्वाद.

काल अंगणात तालीम झाली. शेजारची सरला, तिची सासू, हरी, आणि भाऊंचे चार जुने विद्यार्थी, ज्यांचे आता स्वतःचे कापडाचे लूम आहेत आणि जे भाऊंसमोर अजून बाकावर अंग चोरून बसतात. भाऊ चाकापाशी, हातात छडी, आकडा दाखवायला.

पहिल्या फेरीत सरला सगळे चिंचोके हरली. भाऊंनी तिला पाच दिले. का, तर ती वेळेवर आली आणि लक्ष देत होती. ग्रेस. सरलाच्या सासूला तीन दिले, प्रामाणिक प्रयत्नांसाठी. हरीने दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर चिंचोका ठेवला म्हणून त्याचे दोन कापले, अव्यवस्थितपणा म्हणून. आणि लूमवाल्या रफीकने चक्क सात वेळा जिंकून चिंचोक्यांचा ढीग केला तर भाऊंनी त्याला उभं केलं आणि उत्तर कसं काढलंस ते सगळ्यांना समजावून सांग म्हणाले. तो म्हणाला, सर, किस्मत है. भाऊ म्हणाले, पायऱ्या दाखव.

तासाभराने सगळ्यांकडे सारखेच चिंचोके. कोणी जिंकेना, कोणी हरेना. सरलाची सासू झोपली. माधव, नागपूरच्या काकांसमोर हे असं झालं तर ते पान मांडायच्या आत स्टेशनवर असतील आणि मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. मी सांगितलं तर भाऊ म्हणतात, कोणालाही शून्य मिळालेलं त्यांना बघवत नाही. तीस वर्षं शून्यं देणारा माणूस हे म्हणतोय!

तू ये आणि ते चाक त्यांच्या हातून घे. माझ्याकडून होत नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई


इटारसी,
२६ एप्रिल १९८९

ती. ताईस,
माधवचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डोक्याला हात लावून बसलो. ग्रेस! अगं ज्या खेळात कोणी हरतच नाही तो खेळ कसला, ते तर बारसं झालं. हरण्याची भीती आहे म्हणून तर माणसं चाकाकडे बघतात. भाऊंना सांग, लिहून दे, पाटीवर लिहून चाकाच्या वर टांग, ग्रेस नाही म्हणजे नाही. आणि कापायचेही नाहीत. खेळ म्हणजे काय तिमाही परीक्षा आहे?

माझं यायचं जरा अवघड दिसतंय. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय. लडकू म्हणतो दुरुस्तीला वेळ हाय. इथे ऊन फार. एका कुत्रीला सहा पिल्लं झालीत, त्यांतलं एक माझ्याच चपलेवर झोपतं. हरीला कानाची सवय असू दे म्हणावं, जोरात पिळायचा, नुसता धरायचा नाही. मी पुढच्या दिवाळीला येऊन भेटेन तुम्हा दोघांना.

माफी मागायची सवय नसलेला,
माधव


भिवंडी,
१ मे १९८९

माधव,

आशीर्वाद आहेत, पण ते आज शेवटी.

पत्रावर तू इटारसी लिहिलंस, शिक्का कोनच्या पोस्टाचा आहे. कल्याण रस्त्यावरचं कोन. इथून सायकलवर अर्धा तास. तुला खोटं बोलायचं होतं तर पेटी तरी दुसऱ्या गावची शोधायचीस.

मला वाटलं शिक्का चुकला असेल. मग आज सकाळी गुणाबाई आली, कोनहून भाजी आणते ती. आत्याला म्हणाली, तुमचा मधू नाक्यावर ट्रकाखाली निजलेला बघितला, हाडं वर आलीत, लगनाला घरात न्हाय का घेतला त्याला? आत्या रडायला लागली. भाऊ आतून ऐकत होते. बाहेर आले, गुणाबाईकडून गरज नसताना दोन जुड्या मेथी घेतली आणि परत आत गेले.

काठमांडूहून कोनपर्यंत तू आलास आणि शेवटचा अर्धा तास तुझ्याने होईना. भाऊ हाकलतील म्हणून? हाकलतीलही. मी खात्री देत नाही. पण तू नाही आलास तर भाऊंनी तुला घरात घेतलं नाही असं नव्हे, तू मला सोडलंस असं मी धरीन, हे नीट समज.

हे पत्र गुणाबाईच्याच हाती देते. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता अंकचक्र. रविवारी मुहूर्त नऊ बेचाळीसचा.

आशीर्वाद.
ताई


भिवंडी,
२२ मे १९८९

ती. सौ. ताईस,
माधवचा शि. सा. न. वि. वि. जिजाजींनाही नमस्कार.

तुझं नागपूरचं पहिलं पत्र आलं. तू विचारतेस की शनिवारी मी आत आलो कसा, कारण तुला आतल्या खोलीत मेंदीचे हात घेऊन बसवलं होतं आणि आत्याला विचारलं की ती नुसती डोळे पुसते. मग ऐक.

मी येणार नव्हतो. तुझं पत्र गुणाबाईने लडकूलाही ऐकवलं, म्हणजे वाचून नव्हे, तिला वाचता येत नाही, तुझ्या तोंडावरून तिला काय वाटलं ते तिने ऐकवलं. तेव्हापासून लडकू पाठीच लागला. बहिणीचं लगीन हाय नि तू हितं टायर ठोकीत बसलाय, तुला लाज हाय का न्हाय. शेवटी त्याने मला मंगल कार्यालयाच्या मागच्या गल्लीत उतरवलं आणि गाडी घेऊन गेला. मी ठरवलं, खिडकीतून बघायचं आणि जायचं. बंड्याच्या उसाच्या गुऱ्हाळापाशी थोडा वेळ गेलाच, पण ते सोड.

खिडकीतून बघतो तर खेळ छान चाललेला. काका पुढे, बाह्या दुमडलेल्या, नऊवर ढीग लावून. भाऊंनी चाक फिरवलं. टकटक टकटक, आणि शून्य. अख्खा हॉल ओरडला. काकांचं तोंड पडलं, आणि ताई, तेच तर हवं होतं, पुढच्या फेरीला ते जिवावर उदार होऊन खेळले असते. आणि भाऊंनी काय केलं? ओंजळभर चिंचोके उचलले आणि काकांपुढे धरले. पाहुणे आहात, एवढे ग्रेस घ्या म्हणाले. काका उठले. नुसते उठले नाहीत, चपला बघायला लागले.

माझं डोकंच फिरलं. कुठे उभा आहे, कोणाशी बोलतोय, काही राहिलं नाही. खिडकीच्या गजांतून ओरडलो, भाऊ, असं नसतं! सतरा वेळा लिहिलंय, ग्रेस नसतो म्हणून! ठेवा ते खाली!

चाळीस माणसं खिडकीकडे वळली. माझ्या तोंडाला ग्रीस, अंगात लडकूचा शर्ट. भाऊंनी चष्मा वर केला. तीन वर्षांनी त्यांनी मला बघितलं, आणि म्हणाले काय, तर शंका असेल तर वर्गात येऊन विचारायची, खिडकीतून नाही.

मी आलो. त्यांनी छडी माझ्या हातात दिली आणि स्वतः काकांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. मी काकांना म्हणालो, हरलात ते हरलात, हवे तर यांच्याकडून उसने घ्या. काका खदखदून हसले आणि बसले. आचारी तीनदा बोलवायला आला तरी उठेनात. हे तुला माहीतच आहे, जिजाजींनी सांगितलं असेल. सकाळी मुहूर्ताला कानाजवळ मी गेलो तेव्हा हरी आपणहून मागे सरकला. जिजाजींना सॉरी सांग. तू जाणार याचा तीन महिन्यांचा राग होता, तो सगळा त्या कानावर निघाला.

आता खरं सांगायचं ते. लडकू मंगळवारी इंदूरला निघणार होता आणि मी त्याच्याबरोबर. पिशवी भरली होती. भाऊ राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सकाळी पाटी घेऊन पुढ्यात बसले आणि विचारलं की आकडे तेरा, देतोस बारा, तर चाक किती वेळा फिरवलं म्हणजे सगळे चिंचोके घराकडे जमतात? मी म्हणालो, ते गणिताने नाही कळत, बघून कळतं. ते म्हणाले, पायऱ्या दाखव. मग मी दाखवायला लागलो. चुकलो. त्यांनी पुसलं. परत केलं. ते म्हणाले बरोबर, मी म्हणालो नाही, चूक, एक फेरी राहिली. आम्ही दोघं तावातावाने भांडत होतो. आत्याने चहा ठेवला तो गार झाला.

बाहेर लडकूने हॉर्न दिला. एकदा, दोनदा, बराच वेळ. मी ऐकला, ताई. भाऊंनीही ऐकला. त्यांनी फक्त पाटी माझ्याकडे जरा जास्त सरकवली.

ट्रक गेला.

तुझ्या लोभाला पात्र व्हायच्या खटपटीत असलेला,
माधव